जलरंगातील पशुपक्षी : भेद आणि शेष

१

पशुपक्ष्यांच्या जलरंगचित्रांचा विचार करताना समीक्षक सामान्यतः दोन वाटांपैकी एकीने जातो. पहिली वाट अशी की, ही चित्रे म्हणजे निसर्गाची हुबेहूब नक्कल होय. नक्कल करणाऱ्याचा हात कितीही सफाईचा असला तरी तीत स्वतंत्र निर्मिती नाही, म्हणून कलाविचारात तिचे स्थान गौण. दुसरी वाट अशी की, ही चित्रे प्राणिशास्त्राची साधने आहेत. ती बरोबर आहेत की चूक हे शास्त्रज्ञाने सांगावे, रसिकाने त्यात पडू नये. वरवर पाहता ही मते एकमेकांपासून दूर आहेत. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी एकच समजूत आहे : प्राणी समोर आहे, तो जसाच्या तसा कागदावर उतरवला की काम झाले, चित्रकाराला निवड अशी करावीच लागत नाही. ही समजूत तपासून पाहिली तर टिकत नाही, आणि ती गळून पडली की या चित्रांच्या मूल्यमापनाचा निकषही बदलतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या प्रतिपादनासाठी भाषाविज्ञानातील एका परिचित भेदाचा आधार घेणे सोयीचे होईल. 'काल' आणि 'गाल' हे दोन शब्द वेगळे ठरतात ते आरंभीच्या व्यंजनातील घोषत्वाच्या असण्यानसण्यामुळे. प्रत्यक्ष उच्चारात मात्र याखेरीज कितीतरी गोष्टी असतात : बोलणाऱ्याचे वय, त्याच्या आवाजाची घोगरी वा बारीक जात, त्याचा प्रांत, त्याचा राग किंवा थकवा. भाषेची व्यवस्था यांपैकी मोजक्या गुणांनाच भेदक मानते. उरलेले सारे तिच्या दृष्टीने शेष असते. परंतु ऐकणारा माणूस ओळखतो तो पुष्कळदा या शेषावरूनच. पशुपक्ष्यांच्या चित्रातही हे दोन घटक असतात. जात ठरविणारी लक्षणे हा भेद. आणि त्या घडीचा, त्या प्रकाशातला, तो एकच प्राणी हा शेष. या दोहोंचा चित्रकाराने लावलेला हिशेब हाच समीक्षेचा खरा विषय होय.

या विवेचनास बुलढाणा जिल्ह्याचा संदर्भ घेतला आहे तो केवळ स्थानिक अभिमानापोटी नव्हे. जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा व मेळघाट व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट असलेले अंबाबरवा अभयारण्य, मध्ये ज्ञानगंगेचे खोरे, दक्षिणेस लोणारचे विवर आणि सर्वत्र पसरलेली काळ्या मातीची शेते, अशी या भूमीची रचना आहे. अबुल फज्लच्या 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात मेहकर सरकार आणि लोणार यांची नोंद आढळते. मोगल दरबाराच्या लेखी हा प्रदेश अपरिचित नव्हता, आणि भारतीय प्राणिचित्रणाचा सर्वांत मोठा अध्याय लिहिला गेला तो याच दरबाराच्या आश्रयाने.

२

शब्द आणि चित्र यांच्या संबंधाचा प्रश्न त्या दरबारातच स्पष्टपणे मांडला गेला होता. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून काही दुर्मिळ प्राणी जहांगीराकडे आणले. त्यांत मूळचा अमेरिकेचा टर्की कोंबडा होता. या प्रसंगी जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात अशा आशयाचा विचार नोंदविला आहे की, बाबराने प्राण्यांची वर्णने लिहिली, पण चित्रकारांकडून त्यांची चित्रे काढविली नाहीत. आपण दोन्ही करवीत आहोत, म्हणजे ऐकून वाटणारे आश्चर्य पाहून वाढेल. मन्सूरने रंगविलेले टर्की कोंबड्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे.

येथे एक गोष्ट सूक्ष्मपणे पाहण्याजोगी आहे. त्याच नोंदीत जहांगीर सांगतो की, या पक्ष्याच्या डोक्याचा व मानेचा रंग पालटत राहतो. तो कधी पोवळ्यासारखा लाल, कधी कापसासारखा पांढरा, तर कधी पिरोजासारखा दिसतो. हा पालट गद्याला सांगता आला. चित्राला तो सांगता येत नाही, कारण चित्राला कोणता तरी एकच रंग लावावा लागतो. म्हणजे 'जसाच्या तसा' प्राणी रंगविण्याचा क्षण मन्सूरसारख्या चित्रकारालाही उपलब्ध नव्हता. त्यालाही अनेकांतून एक अवस्था निवडावी लागली. नक्कलवाद्यांचे मत या एका उदाहरणानेच डळमळते.

उलटपक्षी, जेथे नाव फसवे असते तेथे चित्र खरे बोलू शकते. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात त्या पक्ष्यास कित्येक लोक 'नीळकंठ' म्हणतात. त्याचा कंठ निळा नसतो; तो तांबूस जांभळट असून त्यावर फिकट रेघा असतात. निळाई असते ती पंखांत, शेपटीत आणि माथ्यावर. आणि पंखांतली निळाई पक्षी बसलेला असताना बरीचशी झाकलेली राहून तो उडाला की एकदम उघडी पडते. 'नीलपंख' हे दुसरे मराठी नाव या दृष्टीने अधिक यथार्थ होय. शंकराच्या नावाची पुण्याई मनात धरून जो विद्यार्थी या पक्ष्याचा गळा निळा रंगवील, त्याने पक्षी पाहिला नसून शब्द पाहिला आहे, असे म्हणावे लागेल.

रंगांच्या नावांचेही असेच आहे. मराठीने आपली कितीतरी रंगनामे पक्ष्यांकडूनच घेतली आहेत : पोपटी, मोरपंखी, पारवा. ही नावे रूढ झाल्यावर त्यांचा मूळ पक्ष्याशी असलेला संबंध सैल होतो आणि 'पोपटी' म्हटले की पिवळ्याकडे झुकणारा एक ठरावीक हिरवा रंग डोळ्यांपुढे उभा राहतो. खऱ्या पोपटाच्या अंगावर मात्र पाठीचा हिरवा वेगळा, पोटाचा वेगळा, पंखांचा वेगळा. सावलीत तो निळसर होतो, उन्हात पिवळा. पक्ष्याने भाषेला दिलेला रंग भाषेकडून परत घेऊन तोच पक्ष्याला लावणे हा एक चक्राकार दोष आहे, आणि नवशिक्यांच्या जलरंगचित्रांत तो सहज शिरतो.

३

वऱ्हाडात ज्या प्राण्याला 'रोही' म्हणतात त्याला ग्रंथात 'नीलगाय' म्हणतात. दोन्ही नावे एकाच प्राण्याची, पण त्यांची नजर वेगळी. पूर्ण वाढलेला नर निळसर करडा असतो. मादी आणि पिले तांबूस पिंगट असतात. 'नीलगाय' या नावातील 'नील' नराचा रंग सांगतो आणि 'गाय' हा शब्द मादीचे लिंग. त्यामुळे ते नाव वर्णन म्हणून कोणत्याच एका प्राण्याला पूर्णपणे लागू पडत नाही. 'रोही' या नावाचा संबंध तांबूसपणा दर्शविणाऱ्या 'रोहित' या संस्कृत शब्दाशी जोडण्याचा मोह होतो. व्युत्पत्तीचा निर्णय बाजूला ठेवला, तरी रब्बीच्या पिकात शिरणारा रोह्यांचा कळप पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या डोळ्यांत निळ्यापेक्षा तांबूस रंगच अधिक भरतो, एवढे खरे.

मन्सूरच्या नावे नोंदलेले, सुमारे १६२० सालचे, नीलगायीच्या नराचे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील शाहजहानी चित्रसंग्रहात आहे. प्राणी एका बाजूने, उभा असा दाखविला आहे आणि त्याच्या भोवतीची जागा जवळजवळ मोकळी आहे. भेदाच्या दृष्टीने पाहिले तर ही निवड अचूक आहे. नीलगायीची ओळख तिच्या बाह्यरेषेत असते : खांदे उंच, तेथून पुठ्ठ्यांकडे पाठीला उतार, मान जाड, शिंगे देहाच्या मानाने लहान. ही रेषा समोरून दिसत नाही, बाजूनेच दिसते. पार्श्वभूमीवर डोंगर, झाडे, शिकारी यांची गर्दी केली असती तर तीच रेषा हरवली असती.

परंतु एवढ्यावर हे चित्र संपत नाही. बाह्यरेषा तर कोणताही सावध कारागीर पकडील. अपारदर्शक जलरंगाचे थर देऊन, घोटलेल्या कागदावर बारीक कुंचल्याने केसामागून केस ओढीत जाण्याची जी मोगली पद्धत, तिच्यामुळे या प्राण्याच्या कातडीला वजन आले आहे. तो 'नीलगाय' या जातीचा नमुना न राहता एक विशिष्ट, कुणीतरी निरखून पाहिलेला नर वाटतो. येथे शेष भेदावर मात करीत नाही आणि त्याच्याखाली दबतही नाही.

अशा चित्रांच्या संदर्भात भूतदया, निसर्गप्रेम असे शब्द सहज वापरले जातात. ते जपून वापरावेत. ज्या जहांगीराच्या आश्रयाने हे चित्रण बहरले, त्यानेच १६१० सालच्या एका शिकारीची हकीकत लिहून ठेवली आहे. नीलगाय टप्प्यात आली असता एक मोतद्दार व दोन कहार अकस्मात पुढे आले आणि सावज निसटले. तेव्हा मोतद्दाराला ठार करण्याचा व कहारांच्या पायांच्या शिरा तोडण्याचा हुकूम बादशहाने दिला. निरखून पाहणे आणि दया असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. चित्रातील अवधान हा एक कलागुण आहे. त्यावरून आश्रयदात्याच्या अंतःकरणाविषयी अनुमान काढणे समीक्षेच्या कक्षेत येत नाही.

४

अठराव्या शतकाच्या अखेरीस या परंपरेला नवा आश्रय आणि नवा कागद मिळाला. कलकत्त्यास लेडी मेरी इंपी यांच्या खासगी प्राणिसंग्रहातील पशुपक्ष्यांची चित्रे शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास या पाटण्याच्या चित्रकारांनी १७७७ पासून सुमारे सहा वर्षे काढली. इंग्रजी कागद, पारदर्शक रंगाचे पातळ थर आणि मोकळी पांढरी पार्श्वभूमी ही त्यांची वैशिष्ट्ये. हात मात्र मोगली परंपरेतला होता. पुढे टी. सी. जर्डन हे लष्करी डॉक्टर आपल्या पलटणीबरोबर जालना छावणीत होते. जालना म्हणजे सिंदखेडराजाच्या अगदी शेजारचा मुलूख. दख्खनच्या माळावरील पक्ष्यांचा त्यांचा अभ्यास बराचसा तेथला आहे. १८४३ ते १८४७ या काळात मद्रासहून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सचित्र पक्षिग्रंथातील पन्नास चित्रांमागे हिंदी चित्रकारांचे हात होते. ग्रंथ जर्डनच्या नावाने ओळखला जातो. त्या चित्रकारांची नावे मात्र आज सामान्य अभ्यासकाच्या जिभेवर नाहीत.

विसाव्या शतकात चित्राचे प्रयोजनच पालटले. पक्षी मारून ओळखण्याऐवजी दुर्बिणीतून ओळखण्याची पद्धत रूढ झाली. १९३४ साली अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसनने आपल्या मार्गदर्शिकेत प्रत्येक पक्ष्याच्या भेदक खुणांवर बोट ठेवण्याची रीत घातली. १९४१ साली सलीम अलींचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' निघाले. १९९८ साली निघालेल्या भारतीय उपखंडातील पक्ष्यांच्या मोठ्या मार्गदर्शिकेच्या चित्रकारांत गोमंतकीय कार्ल डिसिल्व्हा यांचा समावेश आहे. अशा ग्रंथांतील चित्रपट्टावर पक्षी बहुधा एकाच दिशेला तोंड करून, एकसारख्या प्रकाशात, सावलीशिवाय बसलेले असतात. रसिकाला हे रूक्ष वाटते. परंतु हा रूक्षपणा हेतुपूर्वक आहे. शेष वजा केल्याखेरीज भेद उठून दिसत नाही. स्वनिमांची लिपी लिहिताना बोलणाऱ्याचा घोगरेपणा कुणी नोंदवीत नाही.

या पद्धतीची कसोटी लागते ती पिंगळा आणि रानपिंगळा या जोडीत. भाषावैज्ञानिक परिभाषेत बोलायचे तर हे पक्षिसृष्टीतील एक न्यूनतम युग्म आहे. गावच्या वडावर बसणाऱ्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा, छातीचा वरचा भाग सलग तपकिरी, खालचे पोट पांढरे, आणि पंख व शेपटी यांवर रुंद पांढरे पट्टे. ह्यूमने १८७३ साली या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ नंतर तिचा विश्वसनीय नमुना मिळाला नाही, आणि ती नष्ट झाली असे मानले जाऊ लागले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांना शहाद्याजवळच्या सातपुड्यात ती पुन्हा दिसली. पुढे मेळघाटातही ती आढळली. 'रानपिंगळा' हे नाव वसतिस्थान सांगते, रूप सांगत नाही. आणि गावचा पिंगळाही रानाच्या कडेला बसतोच. अशा वेळी चित्रपट्टावरील त्या बिनठिपक्यांच्या माथ्याचे मोल किती, हे सांगावयास नको. तेथे अधिकउणा एक ठिपका हा सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. तो जात ओळखण्याचा किंवा चुकण्याचा प्रश्न होतो.

५

तर मग शेष हा केवळ अलंकार समजावा काय? तसे समजणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. कोणते लक्षण भेदक आणि कोणते शेष हे चित्र काढतेवेळी कायमचे ठरत नाही. ते पुढच्या प्रश्नांवर अवलंबून असते.

याचे एक उदाहरण सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहातील, मन्सूरला श्रेय दिले जाणारे, डोडो पक्ष्याचे चित्र होय. चित्रकाराच्या दृष्टीने तो दूरदेशीचा एक विलक्षण पक्षी. सतराव्या शतकातच डोडो पृथ्वीवरून नाहीसा झाला. जिवंत डोडो पाहून काढलेली विश्वसनीय रंगीत चित्रे फारच थोडी. त्यामुळे पिसांचा तपकिरीपणा, देहाचा घाट, उभे राहण्याची ढब, हे त्या वेळचे शेष आज पुराव्याच्या पदवीस पोहोचले आहेत. या पुराव्यावर विश्वास का ठेवावा, याचे उत्तरही त्याच कागदावर आहे. डोडोभोवती काढलेले पट्टकादंब, पखुर्डी यांसारखे ओळखीचे पक्षी बिनचूक आहेत. म्हणून अनोळखी पक्ष्याविषयीही चित्रकाराची साक्ष ग्राह्य धरता येते.

दुसरे उदाहरण पुन्हा रानपिंगळ्याचेच. ब्रिटिश संग्रहालयातील एका नमुन्यावर, तो १९१४ साली गुजरातेतील मांडवीस मिळाल्याची रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन याची चिठ्ठी होती. रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी १९९९ साली दाखवून दिले की, तो नमुना मूळचा जेम्स डेव्हिडसनने एकोणिसाव्या शतकात खानदेशात मिळविलेला असून संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, खोट्या चिठ्ठीसह परत आणलेला होता. चिठ्ठीवरील शब्द खोटे बोलत होते. खरे सांगितले ते डेव्हिडसनच्या कातडी सोलण्या-भरण्याच्या ढबीच्या उरलेल्या खुणांनी. जातिनिश्चयाला निरुपयोगी अशा त्या खुणा म्हणजे निव्वळ शेष. सत्य हाती लागले ते तेथून.

तंत्राच्या अंगानेही हाच मुद्दा मांडता येतो. अपारदर्शक पद्धतीत पांढरा रंग चढवावा लागतो. कलकत्त्याच्या भारतीय संग्रहालयातील मन्सूरच्या पांढऱ्या क्रौंचाची शुभ्रता ही कुंचल्याने दिलेली शुभ्रता आहे. पारदर्शक जलरंगात मात्र पांढरे म्हणजे न रंगविलेला कागद. लोणारच्या क्षारयुक्त पाण्याच्या काठाने चालणारा शेकाट्या या पद्धतीने रंगवावयाचा, तर काळे पंख आणि लांब गुलाबी पाय रंगाने सांगावयाचे आणि पांढरा देह कोऱ्या कागदाने. 'एक मोर' आणि 'दोन मोर' यांतील दुसऱ्या 'मोर'चे अनेकवचन जसे शून्य प्रत्ययाने सिद्ध होते, तसाच हा कोरा देह शून्याने सिद्ध होतो. शून्याला अर्थ येतो तो भोवतालच्या व्यवस्थेमुळे : शेजारची पाण्याची छटा नेमकी पडली तर कोरा कागद पक्षी होतो, चुकली तर तो नुसता कागद राहतो. वऱ्हाडच्या कोरड्या उन्हाळी हवेत ओला थर पाहता पाहता वाळतो आणि त्याची कड कठीण होते. त्यामुळे कोणती जागा कोरी राखावयाची याचा निर्णय रंग भिजविण्यापूर्वीच करावा लागतो. निवड नसलेली नक्कल येथे शक्यच नाही.

६

या विवेचनातून निकष निघतो तो असा. पशुपक्ष्यांच्या जलरंगचित्राला प्रथम विचारावे की, त्याने भेदक लक्षणे ओळखून ती वाचण्याजोगी ठेवली आहेत काय. या प्रश्नात जे चित्र नापास होते त्याला रंगांच्या मोहकपणाची सबब देऊ नये. निळ्या गळ्याचा नीलपंख कितीही देखणा असला तरी तो अडाणी आहे. त्यानंतर विचारावे की, समोरच्या त्या एका प्राण्याचे काही उरले आहे काय. या दुसऱ्या प्रश्नाला नकार देणारे चित्र चूक ठरत नाही. मार्गदर्शिकेचे काम त्याच्याकडून उत्तम होईल. परंतु ज्याच्याकडे पुन्हा वळून पाहावे असे ते चित्र असणार नाही, आणि उद्याच्या अभ्यासकाला आज न सुचलेला प्रश्न विचारण्याची सोयही त्यात नसेल.

हा विचार निव्वळ सौंदर्यशास्त्रापुरता राहत नाही. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. २०२२ साली मध्य प्रदेशात सोडण्यात आलेले चित्ते आफ्रिकेतून आणलेले आहेत. येथल्या मूळच्या चित्त्याचे रूप आता जुन्या चित्रांत, छायाचित्रांत आणि कातड्यांत शोधावे लागते. लोणार सरोवराला २०२० साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्याचे पाणी क्षारप्रिय सूक्ष्म जीवांमुळे गुलाबी झाले होते. ते दृश्य काही दिवसांचे होते. त्या पाण्याशेजारी उभ्या असलेल्या शेकाट्याच्या पांढऱ्या पोटावर त्या दिवसांत कोणती छटा पडली होती, हे कोणत्याही मार्गदर्शिकेच्या पट्टावर सापडणार नाही, आणि सापडावे अशी अपेक्षाही नाही. ते सापडेल तर काठावर बसून, पाहून, तो कोरा भाग राखून काढलेल्या एखाद्या कागदावर. अशा कागदाला नक्कल म्हणून बाजूला सारणारी किंवा साधन म्हणून शास्त्रज्ञाच्या स्वाधीन करून मोकळी होणारी समीक्षा आपले काम टाळते आहे, असेच म्हणावे लागेल.